खालची पिन

आमच्या शाळेत सगळ्यांत भित्रा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर शिपायापासून मुख्य प्रशिक्षकापर्यंत सगळे हँगरकडे बोट दाखवतील. तिथे मोरू शिगवण असतो. वय चोपन्न, अंगानं काटकुळा, आणि कानावर कायम एक पेन्सिल. शाळा म्हणजे विमान चालवायला शिकवणारी शाळा. म्हसळ्याच्या अलीकडे खाडीकाठच्या माळावर एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, दुमजली कचेरी आणि दोन आसनांची तीन लहान विमानं, एवढाच आमचा संसार. मी श्यामला, मूळची नागावच्या वाडीतली. अलिबागेत सरकारी कचेरीत बावीस वर्षं फायली ढकलून झाल्यावर इथे रेडिओवर बसायला लागले. वर गेलेल्या विमानांशी बोलते, वेळा लिहून ठेवते, आणि ज्याला जे सुनावायचं ते सुनावते. मोरूला मी पुष्कळ सुनावलेलं आहे.

मोरूचं काम चाकांचं. म्हसळ्याच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, घरी भातशेती. पण वडिलांबरोबर औत धरण्यापेक्षा याला सायकली उघडायचा नाद. म्हसळ्याच्या स्टँडमागे अठरा वर्षं त्यानं सायकली आणि रिक्षा दुरुस्त केल्या. इथे धावपट्टी झाली तेव्हा पहिल्या इंजिनियरची स्कूटर त्याच्याकडे आली, आणि स्कूटरच्या मागोमाग मोरू इकडे आला. सुरुवातीला नुसती हवा भरायचा. मग चाकं उतरवायला लागला, बेअरिंगमध्ये ग्रीस भरायला लागला, आणि पाचसहा वर्षांत अशी वेळ आली की पुढच्या चाकाचं काही दुखलंखुपलं तर इंजिनियर आधी मोरूकडे बघायचे आणि मग पुस्तकाकडे.

पुढचं चाक ही लहान विमानाची नाजूक बाजू. मागची दोन चाकं दणकट, धक्का तीच खातात. पुढचं बिचारं एका दांड्यावर उभं असतं. दांड्याच्या आत तेल आणि दाबलेली हवा, म्हणजे धक्का बसला की तो खालीवर होतो. आणि चाक भलतीकडे वळू नये म्हणून दांड्याच्या पुढ्यात दोन तुकड्यांची एक कात्री बसवलेली असते. ही कात्री वरखाली मिटते-उघडते, पण चाकाला गोल फिरू देत नाही. ती वर एका बोल्टावर आणि खाली एका बोल्टावर टांगलेली. बोल्टाला नट, नटाला खाचा, आणि त्या खाचेतून बोल्टाच्या भोकात जाऊन पलीकडे दुमडणारी छोटीशी तार. तिला स्प्लिट पिन म्हणतात. नट कितीही आवळा, हादऱ्यानं तो सैल होतोच. पिन असली की होत नाही. सेफ्टी पिनेपेक्षा बारीक वस्तू, पण चाक सरळ राहतं ते तिच्या जिवावर.

मोरू या चाकाला घाबरतो. रोज सकाळी गोणपाट अंथरून विमानाच्या नाकाखाली उताणा झोपतो. चाक वरून-खालून धरून हलवतो, खुळखुळ ऐकतो. आमच्याकडचा खारा वारा लोखंड खाऊन टाकतो, म्हणून दांड्याचा चकचकीत भाग तेलाच्या फडक्यानं पुसतो. मग कात्रीच्या दोन्ही पिनांना बोट लावतो. नुसतं बघत नाही, बोट लावतो. कात्री सोडवायची असेल तर आधी दांड्यातली हवा काढतो, नाहीतर खालचा भाग सोड्याच्या बाटलीच्या बुचासारखा सुटून येतो. हे सगळं झाल्यावर पाच पावलं चालून जातो आणि परत येऊन पुन्हा बोट लावतो. मी एकदा खिडकीतून ओरडले होते, "मोरू, विमान जमिनीवर उभं आहे, पडून पडून पडणार कुठे?" तो खालूनच म्हणाला, "पडतंय ते जमिनीवरच ना, ताई."

काशीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं दिलेला डबा सकाळचं शेवटचं विमान उतरल्याशिवाय तो उघडत नसे. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. इतकं घाबरायचं तर माणसानं टपरी टाकावी, वडे तळावे, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट सांगते. आभाळ स्वच्छ, वारा बेताचा, उडायला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. आमच्या तीन विमानांपैकी एक मोठ्या दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं होतं. दुसरं घेऊन मुख्य प्रशिक्षक कॅप्टन प्रज्योत एका विद्यार्थ्याबरोबर सकाळीच वर गेले होते. तिसऱ्याच्या पुढच्या चाकाच्या कात्रीची बुशिंगं, म्हणजे बोल्टाभोवतीची कडी, झिजली होती, ती मोरू बदलत होता. दहा वाजता ते हेतलला हवं होतं.

हेतल एकवीस वर्षांची. अलिबागेत वडिलांचं कापडाचं दुकान. घरी गुजराती, बाहेर मराठी, आणि रेडिओवर इंग्रजी, तिन्ही सारख्याच भरधाव. तिची एकटीनं उडायची ती तिसरी की चौथी वेळ. वर जायचं, धावपट्टीभोवती एक फेरी मारायची, उतरून चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उठायचं, असं सहा वेळा. याला आम्ही टेकून उठणं म्हणतो. दर वेळी पुढचं चाक आपटतं, वेगात धावतं आणि सुटतं.

साडेनऊच्या सुमारास प्रज्योतसरांचं विमान उतरलं आणि उतरल्यावर त्याचं मागचं एक टायर बसलं. त्यांनी ते कसंबसं धावपट्टीच्या मध्यावर बाजूच्या गवतात घेतलं आणि हातातल्या रेडिओवरून बोलले, "मोरूला पाठवा, जॅक घेऊन." विद्यार्थ्याला त्यांनी चालत परत धाडलं, आणि स्वतः तिथेच थांबून हेतलवर लक्ष ठेवणार होते.

मोरू तेव्हा हेतलच्या विमानाखाली. बुशिंगं बसली होती, दोन्ही नट आवळून झाले होते, वरची पिन घालून झाली होती. खालची नवी पिन त्यानं ग्रीसच्या डब्याच्या झाकणात काढून ठेवली होती, घालायची राहिली होती. तेवढ्यात हाक आली. ट्रॅक्टर सुरू झाला, त्यावर जॅक चढला, आणि मोरू उडी मारून स्टिअरिंगवर बसता बसता आमच्या इंजिनियरला ओरडला, "विनेशसाहेब, खालची पिन सोडलीया! तेवढं बगा!"

विनेशनं हात वर केला. "बघतो, जा तू."

विनेश नाखवा, एकतीस वर्षांचा, रेवसचा. घरची होडी, बाप अजून समुद्रावर जातो. पोरगा हुशार, परीक्षा देऊन इंजिनियर झाला. विमान उडायला योग्य आहे अशी सही करायचा अधिकार त्याचा. आता नीट ऐका. मोरूच्या गावात बैल सोडले, औत सोडलं, म्हणजे काम होतं तिथं थांबलं, राहिलं. आणि विनेशच्या घरात जाळं सोडलं, नांगर सोडला, म्हणजे तो खाली गेला, जागेवर बसला, काम झालं. मोरूनं सांगितलं, खालची पिन राहिली आहे, घाला. विनेशनं ऐकलं, खालची पिन घातली आहे, बघून घ्या. दोघंही मराठीच बोलत होते.

आणि विनेशनं बघितलं. बघितलं नाही असं नाही. वाकून टॉर्च मारला, वरची पिन चमकली, दुमडलेली टोकं दिसली. खालच्या नटावर ताज्या ग्रीसचा गोळा होता. तो पुसायला फडकं हवं होतं, फडकं ट्रॅक्टरबरोबर गेलं होतं, आणि ज्याचं बोट रोज दोनदा तिथं लागतं त्या मोरूनं सांगितलंच होतं. त्यानं सही केली.

दहा वाजून सात मिनिटांनी हेतल वर गेली. माझ्याच हातची नोंद आहे.

पहिल्यांदा टेकून उठली तेव्हा मी चहा पीत होते. दुसऱ्यांदा जरा जोरात टेकली; प्रज्योतसर रेडिओवर तिला बोललेही, "नाक लवकर टाकतेस, धरून ठेव." तिसऱ्यांदा बरी टेकली. ती चौथ्या फेरीसाठी खाडीच्या अंगाला वळली आणि खाली ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. मग हँगरमध्ये काहीतरी पत्र्याचं पडलं. आणि मग मोरूचा आवाज, तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ओरडणं नव्हतं ते.

"साहेब, पिन हितंच हाय."

लोखंडी जिन्यावर पावलं वाजली आणि दोघं माझ्या खोलीत आले. मोरूच्या हातात डब्याचं झाकण, झाकणात पिन. त्याच्या ओठांना रंग नव्हता. विनेश म्हणत होता, "तूच म्हणालास ना सोडली म्हणून?" आणि मोरू म्हणत होता, "व्हय, सोडली म्हन्लो. घाला म्हनून सांगितलं." हे त्यांनी दोनदा एकमेकांना सांगितलं, आणि तिसऱ्यांदा विनेश मध्येच थांबला. त्याला उमगलं. मलाही उमगलं.

"नट घट्ट आहे," विनेश म्हणाला. "नवीन आवळलेला आहे, ताई. दोनचार लँडिंगला काही होत नाही."

"तीन झालीत," मी म्हटलं.

"मग अजून एक होऊ दे. उतरली की थांबवू. तिला काही सांगू नका."

यात एक अडचण होती ती सांगायला हवी. आमचा रेडिओ एकाच लहरीवर चालतो. प्रज्योतसरांना काही कळवायचं तर ते हेतलही ऐकणार. त्यांचा मोबाइल मी लावून पाहिला, तो विमानात कुठेतरी बंद पडलेला. धावत जावं तर अर्धा मैल, आणि हेतल तीन मिनिटांत उतरणार. म्हणजे सरांना सांगायचं तर मुलीला सांगावंच लागणार होतं. एकवीस वर्षांची मुलगी, वर एकटी, शेजारचं आसन रिकामं. तिला सांगायचं की बाई, तुझं चाक निसटेल बहुतेक.

"तिचे हात कापायला लागले तर चाक धड असून मरेल ती," विनेश म्हणाला. तो रडायच्या बेतात होता. "घाबरवू नका ना तिला, ताई. प्लीज."

माझा हात माइकवर होता. तो मी काढून घेतला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळ्यांनी माझं कौतुक केलं की श्यामलाताईंनी रेडिओ मोकळा करून दिला. मी मोकळा करून दिला नाही. मला भीती वाटली, विनेशचं म्हणणं मला सोयीचं वाटलं, आणि मी हात काढला.

मोरूनं झाकण टेबलावर ठेवलं आणि माइक उचलला. इतक्या वर्षांत त्यानं त्या खोलीत माइकला कधी हात लावलेला नव्हता. कुठलं बटण दाबायचं हेही त्यानं मला खुणेनं विचारलं. दाबलं. खाडीवर विमान शेवटच्या वळणाला आलं होतं.

"कॅप्टनसाहेब," तो म्हणाला, "हेतलबाय, तू बी आईक. मी मोरू बोलतोय, हँगरचा. तुज्या पुडच्या चाकाच्या कात्रीला खालची पिन न्हाय. घालायची ऱ्हायली. माज्याकडनं ऱ्हायली. टेकू नको."

मग प्रज्योतसर, एरवी लहानसहान चुकीला आकाशपाताळ एक करणारा माणूस, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "हेतल, पॉवर पूर्ण. वर जा. उतरायचं नाही. हजार फुटांवर फेरी धर आणि मला सांग, पेट्रोल किती आहे."

इंजिनचा आवाज वाढला. विमान आमच्या छपरावरून गेलं आणि आम्ही तिघं खिडकीतून माना वर करून त्याच्या पोटाकडे बघत राहिलो. चाक लोंबत होतं. एवढ्या उंचीवरून नट काय दिसणार, पण आम्ही बघत होतो. मोरूनं टोपी काढली आणि तोंडात धरली.

"दीड तासाचं आहे," हेतलचा आवाज. बारीक, पण शब्द धड. मग म्हणाली, "मोरूकाका, मला इथून चाक दिसत नाही."

"न्हाय दिसायचं, बाय."

"निघेल का ते?"

विनेशनं मान हलवली. नाही म्हण, नाही म्हण. मीसुद्धा तेच म्हटलं असतं. मोरू त्याच्याकडे बघत होता आणि बोलला मात्र माइकमध्ये. "म्हायती न्हाय. निघंल असं धरून उतर."

"मला खूप भीती वाटते, काका."

"मला बी. लै वाटतीया. वाटू दे. नाक खाली टाकायची घाई करू नको, बास. जवर धरवंल तवर धर."

यानंतर बोलले ते प्रज्योतसर. मोरू माइक टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभा राहिला. सरांनी तिला दोन फेऱ्या नुसत्या मारायला लावल्या. त्यात तिच्याकडून सगळं म्हणून घेतलं, शाळेत कविता पाठ करून घेतात तसं. लांबून यायचं, हळू यायचं. मागची चाकं टेकली की इंजिन बंद. हातातला, विमान वळवायचा दांडा पोटाशी ओढून धरायचा, नाक जितका वेळ अधांतरी राहील तितका वेळ राहू द्यायचं. ब्रेकला पाय लावायचा नाही. थांबल्याबरोबर स्विच बंद, दार उघड, पळ. "आणि पट्ट्याचं बकल आत्ता एकदा हातानं चाचपून घे," असंही सांगितलं. त्या वाक्यावर मला कळलं की सरांची स्वतःची पाचावर धारण बसली आहे.

मी मग माझं काम केलं. रुग्णवाहिकेला फोन लावला, म्हसळ्याहून यायला पंचवीस मिनिटं लागतील म्हणाले. खाली शिपायाला आग विझवायची दोन नळकांडी ट्रॅक्टरवर ठेवायला सांगितली. विनेश खाली धावला. जाताना त्यानं माझ्या टेबलावरचा माइक उचलला आणि म्हणाला, "सर, सही माझी आहे. खालचा नट मी पुसून बघितला नाही." ऐकायला सरांना वेळ नव्हता, आणि बरं झालं.

मोरू जिन्यानं बसत बसत खाली उतरला. खरंच बसत बसत, एकेका पायरीवर टेकून. खाली गेल्यावर मात्र तो विनेशच्या मागे ट्रॅक्टरवर चढला आणि नळकांडं मांडीवर घेऊन बसला.

ती आली. सुरूच्या झाडांच्या शेंड्यांवरून विमान हळूहळू खाली येत होतं, आणि मला वाटत होतं की ते येऊच नये, असंच वर राहावं. मागची चाकं टेकली, थोडा धूर निघाला. इंजिन बंद झालं आणि एकदम शांत झालं. फक्त टायरांचा आवाज. नाक वर. वेग कमी होतोय, नाक वरच. मी देवाचं नाव घेत होते की हेतलचं, आता आठवत नाही. निम्मी धावपट्टी संपली. मग नाक हळूच खाली आलं, चाक जमिनीला लागलं, क्षणभर सरळ धावलं, आणि आडवं झालं. बैलगाडीचं चाक खड्ड्यात मोडून पडावं तसं विमान डावीकडे ओढलं गेलं, गवतात शिरलं, नाक मातीत रुतलं, शेपूट वर उचललं गेलं आणि तिथेच राहिलं.

दार उघडेना. मी खिडकीतून बघत होते, दार उघडत नव्हतं. गवतातून प्रज्योतसर धावत होते, ट्रॅक्टर धावत होता. नंतर कळलं, तिनं बकल मघाशी इतक्यांदा चाचपलं होतं की आता सोडायचं विसरली होती आणि तशीच दारावर धडका मारत होती. मग दार उघडलं. ती बाहेर पडली, चार पावलं पळाली आणि खाली बसली. उभी राहिली. पुन्हा बसली. दोन्ही हात आहेत, दोन्ही पाय आहेत, हे मी खिडकीतून मोजलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मी, पन्नाशी उलटलेली बाई, टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

नाकाखाली बोल्ट अर्धा बाहेर आलेला मिळाला. नट कुठे पडला ते शोधून सापडलं नाही. कदाचित खाडीत असेल.

मुंबईहून दोन चौकशी अधिकारी आले. विनेशनं काही लपवलं नाही. त्याची सही पाच महिने बंद झाली. मोरूला लेखी जबाब द्यायचा होता. शुद्धलेखन तपासायला म्हणून त्यानं तो माझ्याकडे आणला. दीड पान, पेन्सिलीनं आधी, मग वरून पेनानं गिरवलेलं. पिन, झाकण, हाक, ट्रॅक्टर, सगळं होतं. शेवटी एक ओळ होती: 'परत येताना मी ट्रॅक्टर सावकाश आणला.'

"हे काय?" मी विचारलं.

तो मग म्हणाला, "दुसऱ्यांदा ती टेकली ना ताई, तवा मी टायर बसवत व्हतो. चाक हललं. असं." त्यानं तळहात उभा धरून थरथरवला. "मला दिसलं. मनात म्हन्लं, डांबर खराब आसंल. मंग आठवलं, पिन सांगून आलोय, साहेबांनी घातली आसंल. मंग वाटलं, घातली नसंल तं? तं मंग माजंच नाव येनार. जाऊन बगायचंच भ्याव वाटाय लागलं. सर बाजूलाच उबे व्हते, हातात रेडिओ. त्यांना बोललो न्हाय. दुसऱ्या गियरातच आणला ट्रॅक्टर. तिसरा टाकलाच न्हाय."

"आणि तेवढ्यात ती तिसऱ्यांदा टेकली," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

"व्हय."

मी त्याला सांगितलं की हे कुणी विचारलेलं नाही, खोडून टाक. मला त्याची दया आली होती, आणि माझा माइकवरून काढलेला हातही मला आठवत होता. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जबाब तसाच गेला. अधिकाऱ्यांनी त्या ओळीखाली रेघसुद्धा मारली नाही, कारण ट्रॅक्टर किती वेगानं चालवावा याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

पण मोरूनं ट्रॅक्टर सावकाश आणला हे हेतलला माहीत नव्हतं. ती अलिबागेला घरी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की मोरूकाकांनी मला वाचवलं. तिच्या आईनं मोरूला साडी आणि नारळ पाठवला होता, काशीसाठी. साडी आली त्या दिवशी मोरू माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, माज्यासंगं अलिबागला येता का? एकट्याला जमायचं न्हाय."

एसटीत तीन तास तो साडीची पिशवी मांडीवर धरून बसला होता. त्यांच्या घरी आम्हाला सरबत मिळालं, वडील दुकानातून मुद्दाम आले. मोरू खुर्चीच्या कडेवर बसला आणि साडीची पिशवी परत टेबलावर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. चाक थरथरलेलं, दुसरा गियर, तिसरं टेकणं. काही सावरून घेतलं नाही. वडिलांचा चेहरा लाल होत गेला. हेतल ऐकत होती आणि शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मी तिसऱ्यांदा टेकले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"रस्त्यात," मोरू म्हणाला. "तुज्याकडंच बगत व्हतो."

ती उठून आत गेली. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो.

मार्चमध्ये ती परत आली आणि उडायला लागली. मोरूशी ती बोलत नाही. समोर आला तर बाजूनं निघून जाते, आणि मोरूही आता तिच्या वाटेत येत नाही. मात्र तिचं विमान निघायच्या आधी ती नाकाशी उभी राहते, आणि कोणी काही म्हटलं तरी आत बसत नाही. विनेशची सही झालेली असते, सर घड्याळ बघत असतात, मी वरून वेळ सांगत असते. ती हँगरकडे तोंड करून थांबते, मोरू येऊन गोणपाट अंथरून खाली झोपेपर्यंत. तो पिनांना बोट लावतो आणि उठतो. ती त्याच्याकडे न बघता विमानात चढते आणि दार लावून घेते.